मोकळ्या तारांचा हिशेब

भल्यामोठ्या अंड्यातून अमिताभ बच्चन बाहेर येतात आणि स्वतःचं नाव सांगत गाऊ लागतात, ते 'अमर अकबर अँथनी'मधलं (१९७७) गाणं ठाऊक नसलेला वाचक सापडणं कठीण. त्या गाण्यातलं नाव मात्र कुणा पटकथालेखकाच्या कल्पनेतून आलेलं नाही. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतल्या प्यारेलाल यांनी ते सुचवलं. अँथनी गोन्साल्विस हे त्यांचे व्हायोलिनचे गुरू. गाणं देशभर वाजू लागलं तेव्हा गुरुजी हयात होते, पण मुंबईच्या सिनेसंगीतातून बाहेर पडून त्यांना बारा वर्षं झाली होती. त्यांनी स्वतः रचलेलं संगीत ऐकलेली माणसं त्या काळीही मोजकीच होती, आज तर बोटांवर मोजण्याइतकी असतील.

या लेखाचा विषय ते गाणं नाही. मुलांच्या किंवा शिकाऊ वाद्यवृंदासाठी पहिली रचना करायला बसलेल्या कोवळ्या संगीतकाराला नेमकं काय यावं लागतं, हा माझा विषय आहे. त्याचं उत्तर शोधता शोधता मी गोव्यातल्या माजोर्डे गावापर्यंत पोचलो, म्हणून सुरुवात तिथल्या माणसापासून केली.

मी राहतो इंदापूर तालुक्यातल्या शेळगावात. संगीताचं रीतसर शिक्षण मला मिळालेलं नाही. हार्मोनियमची दुरुस्ती करता करता सूर कळू लागले, आणि पुढचं जुन्या पुस्तकांनी शिकवलं. दोन वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका माध्यमिक शाळेतली नववीची मुलगी माझ्याकडे वही घेऊन आली. स्नेहसंमेलनात शाळेच्या वाद्यवृंदाने वाजवायची म्हणून तिने एक रचना केली होती. वृंद म्हणजे काय, तर दोन हार्मोनियम, चार बासऱ्या, एक बुलबुलतरंग, तबला, ढोलकी, खंजिऱ्या, झांजा आणि पंधरा ऑगस्टच्या संचलनासाठी घेतलेले ड्रम व बिगुल. वहीत तिने सरगम लिहिली होती, अगदी सुवाच्य अक्षरात. समासात एकच शब्द होता : 'सर्वांनी'.

चाल चांगली होती, हे मी तिला तेव्हाही सांगितलं. पण तालीम कोसळली होती. बासऱ्या वेगवेगळ्या पट्टीच्या, त्यामुळे एकाचा सा दुसऱ्याचा म होत होता. बिगुलवाल्या मुलाला चालीतले निम्मे सूर वाजवताच येईनात, कारण ते सूर त्या वाद्यात नसतातच. ढोलकीच्या दणक्यात बुलबुलतरंग बुडाला. मुलं बिचारी जोर लावत राहिली आणि जितका जोर लावला तितकं बिघडत गेलं. 'माझी चाल वाईट आहे का?' असं तिने विचारलं. चालीचा दोष नव्हता. दोष त्या 'सर्वांनी'चा होता, आणि तो एकट्या तिचा नव्हता. त्यामागे आपली सगळी परंपरा उभी आहे.

आषाढात तुकोबांची पालखी बारामती सोडून सणसर, बेलवाडी, अंथुर्णे करत आमच्या भागातून निमगाव केतकीकडे जाते. दिंडी हा आपला सर्वांत मोठा वाद्यवृंद म्हणायला हरकत नाही. शेकडो टाळ, वीणा, पखवाज, आणि हजारो कंठ. पण सगळे वाजवतात आणि गातात ते एकच. कुणी अर्धी मात्रा मागे, कुणी सप्तक वर, कुणी सूर जरा घासून. तरी चाल एकच. त्या किंचित फरकांमुळेच दिंडीच्या आवाजाला भरीवपणा येतो. इथे 'सर्वांनी' हा शब्द शंभर टक्के बरोबर आहे. त्यात उणं काही नाही आणि ती पद्धत कच्ची आहे असं मला मुळीच सुचवायचं नाही.

पाश्चात्त्य पद्धतीच्या वृंदात मात्र प्रत्येकाने निराळं वाजवायचं असतं, आणि बराच वेळ काहीच वाजवायचं नसतं. हे डोक्यात ठेवून रचना करायची तर ती कागदावर मांडावी लागते. नेमकं हेच आपल्याकडे घडलं नाही. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, स्वतःची स्वरलिपी तयार केली. पं. भातखंड्यांनी क्रमिक पुस्तक मालिकेतून शेकडो बंदिशी लिपीबद्ध केल्या. त्याही आधी, १८८६ साली, सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात मौलाबक्षांनी गायनशाळा सुरू केली होती आणि तिथेही स्वरलेखनावर भर होता. ही कामं डोंगराएवढी आहेत. पण या लिप्या घडल्या त्या एका गळ्यासाठी, एका ओळीसाठी. बंदिश हरवू नये, हा त्यांचा हेतू होता. बारा मुलांनी एकाच वेळी बारा निरनिराळ्या गोष्टी कशा करायच्या, हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता.

हा प्रश्न ज्यांच्यापुढे रोज होता ती माणसं आपल्या शेजारीच होती, गोव्यात.

पोर्तुगीज अमदानीत सोळाव्या शतकापासून गोव्यातल्या चर्चना जोडून गावोगाव शाळा चालत. तिथे मुलांना अक्षरओळखीबरोबर सूर वाचायला शिकवत. आधी सोल्फेज, म्हणजे पाच रेघांवरचे स्वर पाहून ते नावानिशी गायचे. ते पक्कं झाल्यावर हातात वाद्य, बहुतेक वेळा व्हायोलिन. कोकणीत त्याला रेबेक म्हणतात. शिकवणारा चर्चचा मेस्त्रे. रविवारची प्रार्थना, गावचं फेस्त, घरोघरची लदीन, लग्न, मयत या सगळ्याला संगीत लागे आणि ते पुरवण्याचं काम याच मुलांचं. परीक्षा अशी वेगळी नव्हती. आठवड्याला वाजवावंच लागे, आणि जो जसा वाजवतो त्याला तसाच भाग द्यावा लागे. आठ वर्षांच्या पोराला दोन सुरांचा भाग, त्याच्या थोरल्या भावाला वरची धून, आणि गायकवृंदाला चार आवाज. असं वाटप दर आठवड्याला करणारा मेस्त्रे हा खरं तर शालेय वाद्यवृंदाचा संगीतकारच.

त्या शाळांमागे धर्मप्रसार होता आणि त्या काळाचा जुलूमही होता, हे विसरून चालणार नाही. पण त्यांतून जे बाहेर पडलं त्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. कागद दिसला की वाजवणारी माणसं हिंदुस्थानभर गेली ती इथून. संस्थानिकांचे बँड, पोलीस आणि लष्कराचे बँड, मूकपटाच्या थिएटरातले वादक, हॉटेलांतले जाझवाले, आणि नंतर मुंबईचे रेकॉर्डिंग स्टुडिओ, सगळीकडे गोमंतकीय नावं दिसतात. संगीतकार हार्मोनियमवर चाल ऐकवणार आणि अरेंजर ती पन्नास वादकांत वाटून लिहून काढणार, ही कामाची विभागणीच त्यांच्यामुळे शक्य झाली. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांत सेबास्टियन डिसूझा यांचा हात किती मोठा होता हे आता थोडंफार बोललं जातं. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत तो सहसा दिसत नसे.

थोडं विषयांतर करतो, पण ते कामाचं आहे. १९१८ची इन्फ्लुएन्झाची साथ संपल्यावर मैहर संस्थानात अनाथ मुलांना गोळा करून बाबा अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी वाद्यवृंद उभा केला, तो मैहर बँड. हिंदुस्थानी रागांवर चालणारा मुलांचा पहिला मोठा वृंद म्हणून त्याचं नाव घेतात. बंदुकीच्या नळ्या कापून त्यांनी नलतरंग नावाचं वाद्य बनवलं, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. मुलं निरक्षर, त्यामुळे कागदाचा प्रश्नच नव्हता. प्रत्येकाचा भाग तोंडी घोकून घेतला. मग माझा कागदाचा मुद्दा खोटा ठरतो का? मला तसं वाटत नाही, कारण कागद बाबांच्या डोक्यात होता. तरुणपणी कलकत्त्यात ते लोबो नावाच्या गोमंतकीय बँडमास्तराकडे पाश्चात्त्य पद्धतीचं व्हायोलिन शिकले होते. एका माणसाने वृंद आतून पाहिला होता, म्हणून बाकीच्यांचं न वाचता निभावलं. मैहरच्या अनाथांपर्यंत गोव्याच्या चर्चमधली शिकवण अशा वाटेने पोचली.

अँथनी गोन्साल्विस यांचा जन्म १९२७चा, सासष्टीतल्या माजोर्ड्याचा. वडील गावच्या चर्चचे गायकवृंद-प्रमुख, म्हणजे शाळा घरातच. १९४३ साली, वयाच्या सोळाव्या वर्षाच्या आसपास, ते मुंबईला आले आणि नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागले. पुढे अरेंजर म्हणून त्यांनी बऱ्याच संगीतकारांकडे काम केलं. पण स्टुडिओत बसलेल्या इतर अनेक गोमंतकीयांपेक्षा त्यांचं एक निराळं होतं. हिंदुस्थानी रागसंगीताकडे ते 'मालकाची आवड' म्हणून पाहत नव्हते. त्यांना ते शिकायचं होतं, आणि आपल्या व्हायोलिनवाल्यांच्या ताफ्याकडून वाजवून घ्यायचं होतं. शिकवणंही चालू होतं. राहुलदेव बर्मन आणि प्यारेलाल हे त्यांच्या शिष्यांपैकी.

प्यारेलाल रामप्रसाद शर्मा यांचा जन्म १९४०चा. वडील पं. रामप्रसाद शर्मा ट्रंपेट वाजवत. 'बाबाजी' म्हणून ओळखले जात. स्वतः गोरखपूरकडचे. मुंबईत त्यांनी किती मुलांना वाद्यं आणि स्वरवाचन शिकवलं याची गणती नाही. आठव्या वर्षी प्यारेलाल यांच्या हातात व्हायोलिन आलं आणि दिवसाचे आठ-दहा तास रियाज सुरू झाला. घरची स्थिती ओढगस्तीची, त्यामुळे बाराव्या वर्षापासून स्टुडिओत वाजवून पैसे आणायचे. दुसऱ्या बाजूला विलेपार्ल्यातला लक्ष्मीकांत कुडाळकर. जन्म ३ नोव्हेंबर १९३७, लक्ष्मीपूजनाचा दिवस. नाव त्यावरूनच पडलं. वडील लवकर गेले. मेंडोलिन शिकलेला हा दहा-बारा वर्षांचा पोरगा लता मंगेशकरांच्या एका कार्यक्रमात वाजवत होता, तो त्यांच्या नजरेत भरला.

हे दोघे भेटले ते सुरील कला केंद्रात. मंगेशकर कुटुंबाने मुलांसाठी चालवलेलं ते संगीताचं केंद्र. मीना, उषा, हृदयनाथ ही घरचीच मुलं, आणि बाहेरची लक्ष्मीकांत-प्यारेलालसारखी. हृदयनाथांचा जन्म २६ ऑक्टोबर १९३७चा, म्हणजे लक्ष्मीकांतांपेक्षा ते फक्त आठ दिवसांनी मोठे. एकाच खोलीत बसलेल्या या पोरांपैकी तिघे पुढे संगीतकार झाले, हा योगायोग मला पटत नाही. हृदयनाथांनी 'आकाशगंगा' या मराठी चित्रपटाला संगीत दिलं १९५५ साली, वय जेमतेम अठरा. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचा पहिला प्रदर्शित चित्रपट 'पारसमणी', १९६३चा.

लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या गाण्यांत वाद्यं फार, असं आपल्याकडे नाक मुरडून म्हटलं जातं. शंभर व्हायोलिनं लावली, पैसा होता म्हणून लावली, वगैरे. मला हे म्हणणं आळशीपणाचं वाटतं. पैसा नंतर आला. वाद्यं कशी वाटायची हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं, कारण ते मुलांच्या वृंदात बसून वाढले होते. १९६४चा 'दोस्ती' पाहा. एक अंध मुलगा, एक अपंग मुलगा, हातात माउथ ऑर्गन. कुणाही शाळकरी पोराच्या खिशात मावेल असं ते वाद्य साऱ्या चित्रपटाचा कणा झालं. ते वाजवलं राहुलदेव बर्मन यांनी. त्या वर्षीच्या फिल्मफेअर पारितोषिकासाठी समोर 'संगम' आणि 'वह कौन थी' होते, तरी पारितोषिक 'दोस्ती'ला मिळालं.

आता १९५८ सालाकडे येऊ. गोन्साल्विस यांनी त्या वर्षी इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात आपल्या रचना सादर केल्या. शंभराहून अधिक वादक, एकल गायनाला लता मंगेशकर आणि मन्ना डे. रचनांमध्ये एक होती सारंग रागातली कॉन्चेर्टो, आणि एक तोडी थाटातली, व्हायोलिन आणि वृंदासाठी. वादक शिकाऊ नव्हते, मुरलेले स्टुडिओवाले होते. पण हिंदुस्थानी राग वृंदात लिहिलेला वाचून वाजवायचा, या बाबतीत ते सगळे पहिल्या इयत्तेतलेच होते. गोन्साल्विस स्वतःही एका अर्थी पहिलाच धडा गिरवत होते.

सारंगच का, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. म्हणून मी व्हायोलिनच्या तारांचा हिशेब मांडून बसलो. तो वाचकांपुढे ठेवतो, कारण लेखाचं सगळं मर्म मला त्यात सापडलं.

व्हायोलिनला चार तारा. वृंदात त्या जाडीकडून बारीककडे अशा लावतात : हार्मोनियमच्या पट्टीने पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा, पांढरी तीन. बोट न लावता वाजते ती मोकळी तार. नवशिक्याला ती सर्वांत सोपी, कारण सूर चुकण्याची भीतीच नाही. शिवाय मोकळी तार खणखणीत बोलते. आपले शास्त्रीय व्हायोलिनवादक तारा बदलून सा-प-सा-प अशा लावून घेतात, त्यामुळे त्यांना ही अडचण येत नाही. वृंदात मात्र तसं करता येत नाही. आता पांढरी दोनला सा धरा. चार मोकळ्या तारा होतात मंद्र म, मध्य सा, मध्य प आणि तार रे. वृंदावनी सारंगात स्वर लागतात सा, रे, म, प आणि दोन्ही नी. ग आणि ध वर्ज्य. म्हणजे चारही मोकळ्या तारा सारंगातल्याच! एकही बोट न टेकवता चार सूर हाती लागले, उरला एकटा निषाद. पहिल्या दिवशी व्हायोलिन धरलेलं पोरही सारंगाच्या रचनेत बसू शकतं, आणि बसून बेसूर करू शकत नाही.

हाच सा ठेवून तोडी मांडा. रे, ग, ध कोमल, मध्यम तीव्र. मोकळ्या तारांपैकी म आणि रे दोन्ही शुद्ध, ते गेले. उरतात सा आणि प, आणि बाकी सगळं अवघड जागी नेमक्या बोटाने काढायचं. तोडीची रचना एकल व्हायोलिनसाठी का योग्य, आणि सारंग साऱ्या ताफ्यासाठी का सोयीचा, हे यावरून आपोआप उलगडतं. राग निवडताना रस, प्रहर, भाव पाहायचे हे आपण शिकलेले असतो. वृंदाचा संगीतकार त्याच्या आधी हात पाहतो.

गंमत म्हणजे त्याच १९५८ सालच्या जून महिन्यात, इंग्लंडमधल्या ऑर्फर्ड गावच्या चर्चमध्ये बेंजामिन ब्रिटन यांची 'नोयेज फ्लड' ही संगीतिका पहिल्यांदा झाली. नोहा आणि महापुराची बायबलमधली गोष्ट, आणि सादर करणारी बरीचशी मुलंच. ब्रिटन यांनी मुलांच्या व्हायोलिनचे तीन गट केले. पहिल्याला अवघड भाग, दुसऱ्याला मधला, तिसऱ्याला जवळजवळ नुसत्या मोकळ्या तारा. जनावरं नौकेत चढताना बिगुल. पावसाचे पहिले थेंब म्हणून दोरीला टांगलेले चहाचे कप, त्यावर लाकडी चमचा. आपल्या जलतरंगाचीच ही गावठी बहीण. जगातला नावाजलेला संगीतकार पोरांच्या हातात मावेल तेवढंच देतो, आणि तरी ऐकणाऱ्याला ते 'पोरांसाठी सोपं केलेलं' वाटत नाही. मुंबईतल्या गोमंतकीयाला आणि इंग्लंडमधल्या ब्रिटनला एकमेकांची वार्ता असण्याचं कारण नव्हतं. दोघांनी आपापल्या वादकांचे हात तेवढे पाहिले होते.

त्या मुलीच्या वहीचं काय केलं ते सांगतो. आमच्याकडे व्हायोलिन नाही, पण बिगुल आहे, आणि बिगुल मोकळ्या तारेपेक्षाही हट्टी. त्याला ना भोकं, ना कळा. नुसत्या ओठांच्या ताणाने पाच सूर निघतात : त्याच्या स्वतःच्या हिशेबाने सा, प, वरचा सा, त्यावरचा ग आणि प. बस. आमचं बिगुल निघालं काळी पाचचं. सगळा वृंद त्याच्या काळी पाचला आणावा तर सारंगात ग नाही, म्हणजे पाचातला एक सूर वाया. मग मुलीनेच विचारलं, 'सा दुसरीकडे सरकवला तर?' कागद घेऊन बसलो. सा काळी दोनला घेतला. आता बिगुलाची काळी पाच झाली पंचम, पांढरी चार झाली रिषभ, पांढरी दोन झाली शुद्ध निषाद. प, रे, प, नी, रे. पाचही सूर सारंगात बसले! फक्त षड्ज त्याच्याकडे नाही. त्यामुळे बिगुल वाजलं की कानाला वाटतं, आता कुणीतरी सा द्यायला हवा. तो हार्मोनियमने द्यायचा. बिगुलवाला मुलगा, ज्याला आधी निम्मी चाल येत नव्हती, त्याच्याकडे आता रचनेतली सगळ्यात उत्सुकतेची जागा आली. तिचं मूळ चालीचं स्वरूप बदलावं लागलं, ते तिला आधी आवडलं नव्हतं. मला तिची नाराजी रास्तच वाटली. आपली चाल वाद्यापुढे वाकवणं कुणाला आवडतं?

लेखनासाठी किराणा दुकानात मिळते ती उभ्या-आडव्या रेघांची खातेवही घेतली. भातखंडे पद्धतीचा एक मोठा फायदा इथे कळला. तालाच्या मात्रा उभ्या रकान्यांत येतात. तीनतालाचे सोळा रकाने आखले की आडव्या ओळी वाद्यांना वाटून देता येतात. वरची ओळ बासरीची, खाली बुलबुलतरंग, मग दोन हार्मोनियम, बिगुल, ढोलकी. कुठल्या मात्रेला कोण काय करतो ते एका नजरेत दिसतं. इंग्रजीत ज्याला स्कोअर म्हणतात तो हाच. आपल्या लिपीत तो करायला कुणी मनाई केली नव्हती, आपल्याला गरज पडली नव्हती एवढंच.

अडचण आली ती गप्प बसण्याची. गाणारा माणूस चार आवर्तनं तोंड मिटून बसत नाही, म्हणून आपल्या लिपीत सूर लांबवण्याची खूण आहे, पण लांबलचक शांततेसाठी सोयीची खूण नाही. मुलीने आधी शून्य घातलं, ते खालीचं चिन्ह. मग फुली मारली, ती समेची. शेवटी तिने रकाना चौकोन करून मोकळा सोडला आणि वर लिहिलं, 'मोजत राहा'. तालमीत मुलांना सर्वांत जड गेलं ते हेच. ढोलकीवाला तर दोन आवर्तनं हात मांडीवर ठेवून बसायला तयारच होईना. त्याला वाटे आपल्याला वगळलं. तिने त्याच्यावर मोजणीची जबाबदारी टाकली : बिगुलाला इशारा त्याने द्यायचा. मग तो बसला. मेस्त्रेच्या मुलाला हे सातव्या वर्षी येतं, कारण चर्चमध्ये आपला भाग येईपर्यंत थांबण्याची सवय अंगात मुरलेली असते. आमच्याकडे ती एका हिवाळ्यात आणायची होती. स्नेहसंमेलनात रचना साडेतीन मिनिटं वाजली, मधे एकदा घसरली आणि पुन्हा समेवर आली.

गोन्साल्विस यांचा वृंद फार काळ टिकला नाही. शंभर वादकांचा खर्च चित्रपटाबाहेर कोण करणार? १९६५ साली ते शिष्यवृत्तीवर अमेरिकेतल्या सिरॅक्यूज विद्यापीठात गेले. परतल्यावर मुंबईत न येता माजोर्ड्यात राहिले. तिथेच जानेवारी २०१२मध्ये त्यांचं निधन झालं. प्यारेलाल यांना २०२४ साली पद्मभूषण मिळालं. लक्ष्मीकांत १९९८मध्येच गेले होते. माजोर्ड्याच्या चर्चमधल्या शिकवणीची वाट मात्र अगदीच बुजलेली नाही. गोव्यात २००९पासून चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन ही संस्था परिस्थितीने गांजलेल्या मुलांना व्हायोलिन, चेलो शिकवून वृंदात बसवते, आणि तिथे धर्माची अट नाही.

स्टुडिओतल्या वादकांसाठी हाताने लिहिलेले कागद रेकॉर्डिंग झालं की कुणाच्या कामाचे राहत नसत. बरेचसे रद्दीत गेले. गोव्यातल्या जुन्या घरांत, गिरगाव-दादर-पार्ल्याच्या माळ्यांवर, एखाद्या ट्रंकेत अजून काही उरले असतील. मुलांच्या वृंदासाठी लिहिलेलं पान असेल तर ते ओळखायची एक खूण सांगून ठेवतो : एकाच रचनेच्या तीन-चार चिठ्ठ्या असतात, एकीवर सुरांची दाटी, दुसरीवर मोजके सूर, आणि एखादीवर पानभर दोनच सूर पुन्हा पुन्हा. ती शेवटची चिठ्ठी कोरी किंवा अपुरी समजून टाकू नका. मला ती पाहायची आहे.